वितळलेला माणूस आणि खिशातला मफलर

आज एका अगदी लहान गोष्टीविषयी बोलणार आहे. इंग्लंडमध्ये १९७८ साली लहान मुलांसाठी एक चित्रांचं पुस्तक निघालं. पुस्तकाचं नाव ‘द स्नोमॅन’. चित्रकार रेमंड ब्रिग्ज. ३२ पानांच्या या पुस्तकात सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकही शब्द नाही. चार वर्षांनी त्यावरून टीव्हीसाठी एक ॲनिमेशनपट तयार झाला, जेमतेम २६ मिनिटांचा. तोही जवळजवळ मुका. पुस्तकाच्या शेवटी नायक मरतो आणि चित्रपटाच्या शेवटीही मरतो. तरी हा चित्रपट ब्रिटनमधल्या घराघरांत सणाचा भाग होऊन बसला. नाताळाच्या दिवसांत, गोडधोड खाऊन झाल्यावर, लहानथोर एकत्र बसून एका मृत्यूची गोष्ट बघतात आणि डोळे पुसतात. हे कसं घडलं?

आधी शब्दाचा एक घोळ मिटवून टाकू. ‘स्नोमॅन’ला मराठीत ‘हिममानव’ म्हणावं तर आपल्या डोळ्यांपुढे हिमालयातला यती उभा राहतो. हा तो नव्हे. थंडीच्या देशांत बर्फ पडला की मुलं अंगणात बर्फाचे गोळे रचून माणूस करतात. कोळशाचे डोळे, फळाचं नाक, डोक्यावर जुनी टोपी, गळ्यात मफलर. आपल्याकडे मुलं दिवाळीत मातीचा किल्ला करतात, तसा हा तिकडच्या मुलांचा उद्योग. किल्ला चार दिवसांनी ढासळणार हे मुलांना ठाऊक असतं, तरी बुरुज लिंपताना ती जीव ओततात. बर्फाच्या माणसाचंही तेच.

पुस्तकातली गोष्ट अशी. एक मुलगा सकाळी उठतो, खिडकीबाहेर बर्फ पडलेला असतो. दिवसभर खपून तो बर्फाचा माणूस करतो. नाक संत्र्याचं. रात्री झोप लागत नाही म्हणून दार उघडून बघतो, तर तो माणूस जिवंत झालेला. पाहुण्याला घरात घेतल्यावर दाखवावं तसं मुलगा त्याला सारं घर दाखवतो. टीव्ही, दिवा, नळ, शेगडी. शेगडीला तो घाबरतो, डीप फ्रीझर त्याला आवडतो. आईवडिलांच्या खोलीत जाऊन दोघं त्यांचे कपडे घालून बघतात, ग्लासात ठेवलेली वडिलांची कवळीसुद्धा. मग बर्फाचा माणूस मुलाचा हात धरून त्याला आकाशात नेतो. दोघं ब्रायटन शहरावरून, समुद्रकाठावरून उडून परत येतात. मिठी मारून निरोप घेतात. सकाळी मुलगा धावत बाहेर येतो तर अंगणात फक्त टोपी, मफलर आणि विरघळलेल्या बर्फाचा ढिगारा. इथे पुस्तक संपतं. पान उलटावं तर पुढे काहीच नाही.

असा शेवट करणारा हा माणूस कोण होता? रेमंड ब्रिग्ज यांचा जन्म १९३४ सालचा, लंडनजवळच्या विम्बल्डनचा. वडील अर्नेस्ट घरोघरी दूध पोचवायचे. आई एथेल लग्नाआधी एका श्रीमंत घरात बाईसाहेबांच्या खास मोलकरणीचं काम करायची. मुलगा चित्रकलेच्या शाळेत गेला, पुस्तकांना चित्रं काढू लागला आणि नावारूपाला आला. १९७३ मध्ये त्यांचं ‘फादर ख्रिसमस’ हे पुस्तक गाजलं. त्यातला नाताळबाबा हसरा आणि गुबगुबीत नव्हता. तो थंडीला शिव्या घालत, कुरकुरत, पहाटे उठून कामाला निघणारा एक म्हातारा कष्टकरी होता. ऊन-पाऊस-बर्फ न बघता दारोदारी दूध टाकणाऱ्या आपल्या बापालाच ब्रिग्ज यांनी लाल डगला चढवला होता.

पण या यशाच्या आगेमागे त्यांच्या घरात काय चाललं होतं, ते कळलं की ‘स्नोमॅन’कडे बघण्याची नजर बदलते. १९७१ या एकाच वर्षात आई गेली, वडीलही गेले. पत्नी जीन मानसिक आजाराशी झगडत होती. १९७३ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने तीही गेली. मूलबाळ नव्हतं. चाळिशीच्या उंबरठ्यावर उभा असलेला माणूस तीन वर्षांत पुरता एकटा झाला. ससेक्समध्ये टेकड्यांच्या पायथ्याशी त्यांचं घर होतं. ‘स्नोमॅन’मध्ये जे घर आणि अंगण दिसतं, ते त्यांचं स्वतःचं. ज्या अंगणात कोणाचं मूल खेळत नव्हतं, तिथे त्यांनी एक मूल चितारलं आणि त्याला एका रात्रीपुरता सोबती दिला.

शब्द गाळण्यामागचं कारण त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे आणि ते साधं आहे. त्याआधीचं त्यांचं पुस्तक, १९७७ चं ‘फंगस द बोगीमॅन’, चिखल, शेवाळ आणि शब्दांनी खच्चून भरलेलं होतं. दोन वर्षं त्या राडारोड्यात काढल्यावर त्यांना काहीतरी स्वच्छ, हलकं, बिनशब्दांचं करावंसं वाटलं. म्हणून हे रंगीत पेन्सिलींचं काम. पेन्सिलीची रेघ मऊ, कडा पुसट. काळ्या शाईची ठाम बाह्यरेषा कुठेही नाही. बर्फ पडल्यावर सगळ्या जगाचे कोपरे गोल होतात, आवाज दबतात, तसं ते पुस्तक दिसतं. शब्दांवर पोट भरणाऱ्या आम्हा कवींना हे जरा लागतं, पण कबूल करायला हवं की जिथे बर्फ पडलेला असतो तिथे बोलू नये, हे त्या माणसाला बरोबर कळलं होतं.

आता टीव्हीकडे येऊ. १९८२ पर्यंत ब्रिटनमध्ये टीव्हीच्या तीनच वाहिन्या होत्या. बीबीसीच्या दोन आणि आयटीव्ही. २ नोव्हेंबर १९८२ ला ‘चॅनल फोर’ सुरू झाली. हिची रीत वेगळी होती. इतर वाहिन्या जे देत नाहीत ते देणं, नवे प्रयोग करणं ही तिच्यावरची जबाबदारीच होती. शिवाय तिने स्वतःचा स्टुडिओ थाटून कार्यक्रम करायचे नव्हते, बाहेरच्या छोट्या-मोठ्या निर्मात्यांकडून करून घ्यायचे होते. जेरेमी आयझॅक्स हे तिचे पहिले प्रमुख. अशा वाहिनीकडे जॉन कोट्स नावाचे निर्माते पोचले. त्यांची ‘टीव्हीसी’ ही संस्था म्हणजे १९६८ मध्ये बीटल्सच्या गाण्यांवरचा ‘यलो सबमरीन’ हा रंगीबेरंगी चित्रपट करणारी मंडळी. कोट्स यांनी कच्च्या चित्रांची एक छोटी फीत करून नेली, सोबत हॉवर्ड ब्लेक या संगीतकाराची चाल. वाहिनीने होकार दिला. नवी वाहिनी नसती, तर संवाद नसलेल्या आणि रडवून संपणाऱ्या मुलांच्या चित्रपटाला वेळ कोणी दिली असती, सांगणं कठीण आहे.

दिग्दर्शनाचं काम डायॅन जॅक्सन यांच्याकडे आलं. ‘यलो सबमरीन’च्या वेळी त्यांनी चित्रं काढली होती, पण अख्खा चित्रपट सांभाळण्याची ही पहिलीच वेळ. जिमी मुराकामी हे अनुभवी गृहस्थ देखरेखीला होते. आणि अडचण पहिल्या दिवसापासून समोर होती. त्या काळची ॲनिमेशनची पद्धत अशी की पारदर्शक पत्र्यावर पात्राची बाह्यरेषा काढायची आणि आतला भाग सपाट रंगाने भरायचा. डोनाल्ड डक किंवा टॉम आणि जेरी आठवा. काम वेगाने होतं, रंग एकसारखा राहतो. पण ब्रिग्ज यांचं सगळं सौंदर्य त्या पेन्सिलीच्या खरखरीत होतं. सपाट रंग भरला असता तर बर्फ जाऊन प्लॅस्टिक राहिलं असतं.

म्हणून त्यांनी लांबची वाट धरली. पारदर्शक पत्र्यांवर खडूने आणि रंगीत पेन्सिलीने हाताने छटा भरायच्या, प्रत्येक चित्रात नव्याने. यात किती काम पडतं त्याचा साधा हिशेब करू. चित्रपटाच्या एका सेकंदात २४ चौकटी सरकतात. एकच चित्र दोन चौकटींना वापरलं, तरी सेकंदाला १२ चित्रं लागतात. २६ मिनिटं म्हणजे १,५६० सेकंद. गुणाकार केला तर आकडा साडेअठरा हजारांच्या वर जातो. आणि हाताने भरलेली छटा दोन चित्रांत कधीच तंतोतंत सारखी येत नाही. त्यामुळे पडद्यावर रंग सतत किंचित थरथरतो. एरवी हा दोष मानला गेला असता. इथे मात्र त्या थरथरीने हवेतला गारठा दिसू लागला, बर्फाचा माणूस श्वास घेतोय असं वाटू लागलं.

दुसरा मोठा निर्णय आवाजाचा. पात्रांच्या तोंडी संवाद घालायचे नाहीत हे ठरलं. संगीतच गोष्ट सांगणार. ब्लेक यांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत अखंड वाद्यवृंदाचं संगीत रचलं. पाऊल पडलं की सूर, दार उघडलं की सूर. शब्द फक्त एकाच जागी, दोघं आकाशात उडतात तेव्हा. ते गाणं म्हणजे ‘वॉकिंग इन द एअर’, एका कोवळ्या मुलाच्या आवाजातलं. बाकी सगळीकडे शब्दांचा उपवास असल्यामुळे ते गाणं कानावर पडतं तेव्हा तहानलेल्याला पाणी मिळाल्यासारखं होतं. गझलेत दोन शेरांमधल्या शांततेला जी किंमत असते, तीच इथे आहे.

पण पुस्तक लहान होतं आणि २६ मिनिटं भरायची होती. तेव्हा भर घालणं आलं. मोटारसायकलवरची रात्रीची रपेट आली. ब्रायटनवरून परतण्याऐवजी दोघं थेट उत्तर ध्रुवावर पोचले. तिथे बर्फाच्या माणसांची मेजवानी, नाचगाणं आणि साक्षात नाताळबाबा, ब्रिग्ज यांच्याच जुन्या पुस्तकाच्या वळणाचा. मूळ पुस्तकात नाताळचा मागमूसही नाही. थंडीतली कुठलीही एक रात्र, एवढंच. ब्रिग्ज यांना ही भर सुरुवातीला थोडी गोडमिट्ट आणि ओढूनताणून आणलेली वाटली, आणि त्यांनी तसं स्पष्ट बोलूनही दाखवलं. मात्र ती चपखल बसली, हेही त्यांनीच मान्य केलं. मला स्वतःला वाटतं, नाताळ आला म्हणून चित्रपट दरवर्षी परत येऊ शकला. सणाच्या गाडीत बसलेली गोष्ट दरसाल घरी येते. आणि नाताळ मुळात नव्हता, म्हणून ज्यांच्या घरी तो सण नसतो अशा माझ्यासारख्या माणसालाही ती परकी वाटत नाही.

आता मी ज्या भरीसाठी हा सगळा विषय काढला, तिच्याकडे येतो. उत्तर ध्रुवावर नाताळबाबा मुलाला एक भेट देतो. मफलर. भेटीच्या चिठ्ठीवर मुलाचं नावही दिसतं, जेम्स. पुस्तकातल्या मुलाला नाव नव्हतं. दोघं घरी परततात, निरोप घेतात, सकाळ होते, बर्फाचा माणूस वितळलेला असतो. मुलगा गाउनच्या खिशात हात घालतो, तर हाताला तो मफलर लागतो. वितळलेल्या ढिगाऱ्यापाशी तो गुडघ्यांवर बसतो आणि चित्रपट संपतो.

वरवर बघितलं तर ही प्रेक्षकांची समजूत काढण्याची युक्ती वाटते. सगळं गेलं तरी आठवण हातात उरली, असं काहीतरी. पण जरा थांबून विचार करा. पुस्तकात वाचकाला पळवाट होती. मुलगा झोपला होता, स्वप्न पडलं, जाग आली. बर्फ तर वितळायचाच. मफलर हाताला लागला आणि ती पळवाट बंद झाली. म्हणजे ते खरं होतं. खरोखर एक मित्र आला होता, त्याने हात धरला होता, आणि तो खरोखर गेला. स्वप्न मोडलं तर माणूस कूस बदलून झोपतो, माणूस गेला तर तसं करता येत नाही. घरातलं कोणी गेल्यावर त्याचा चष्मा, काठी, कपाटातला सदरा हाताला लागतो, तेव्हा तो दिलासा असतो की घाव, हे ज्याने ते कपाट उघडलं आहे त्याला विचारा. एका मफलरने चित्रपटाने हे सगळं सहा-सात वर्षांच्या मुलांना सांगितलं आणि सांगताना एक अक्षरही उच्चारलं नाही.

२६ डिसेंबर १९८२ ला, नाताळाच्या दुसऱ्या दिवशी, चॅनल फोरवर तो पहिल्यांदा दाखवला गेला. वाहिनी जेमतेम आठ आठवड्यांची होती. पुढच्या वर्षी ऑस्करसाठी नामांकन मिळालं. ते पारितोषिक पोलंडच्या ‘टँगो’ या लघुपटाला गेलं, पण ब्रिटनचं बाफ्टा पारितोषिक ‘स्नोमॅन’ला मिळालं. मूळ चित्रपटाच्या सुरुवातीला खुद्द ब्रिग्ज शेतातून चालत येताना दिसतात. अमेरिकेत त्यांना कोण ओळखणार, म्हणून तिकडच्या प्रेक्षकांसाठी डेव्हिड बोवी या नामवंत गायकाकडून नवी प्रस्तावना करून घेतली. बोवी माळ्यावर येतो, जुना खण उघडतो आणि त्यातून तोच मफलर काढतो. जणू तो मोठा झालेला जेम्स आहे. इतक्या वर्षांनंतरही त्याने तो मफलर टाकलेला नाही.

गाण्याचीही एक वेगळी हकीकत आहे. चित्रपटात ते गायलं पीटर ऑटी या मुलाने. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या गायकवृंदात तो होता. गंमत म्हणा किंवा दुःख म्हणा, श्रेयनामावलीत त्याचं नावच नव्हतं. १९८५ मध्ये एका जाहिरातीसाठी ते गाणं पुन्हा हवं झालं, तोवर ऑटीचा आवाज फुटला होता. मग वेल्समधल्या ॲलेड जोन्स या मुलाकडून गाऊन घेतलं. ती तबकडी ब्रिटनच्या यादीत पाचव्या क्रमांकावर गेली आणि चित्रपटातलं गाणंही जोन्सनेच गायलं अशी समजूत रूढ झाली. ऑटीचं नाव चित्रपटाला जोडलं गेलं ते वीस वर्षांनी, २००२ मध्ये. तोवर तो ऑपेरात गाणारा मोठा गायक झाला होता. मुलाचा तसा आवाज फार तर तीन-चार वर्षं टिकतो. त्या चित्रपटात वितळणारं असं आणखीही काही होतं, आणि ते पडद्याआड होतं.

पुढे हा चित्रपट नाताळात दरवर्षी लागू लागला. गोष्टीवरून नृत्यनाट्य बसलं. लंडनच्या पीकॉक थिएटरमध्ये १९९७ पासून ते हिवाळ्यात होत आलं आहे. चहाचे पेले, अंथरुणं, भेटकार्डं, सगळ्यांवर बर्फाचा माणूस आला. ब्रिग्ज मात्र तसेच कुरकुरे राहिले. नाताळचा गाजावाजा त्यांना रुचला नाही. ज्या वर्षी हा चित्रपट दाखवला गेला, त्याच १९८२ साली त्यांचं ‘व्हेन द विंड ब्लोज’ हे पुस्तक आलं. अणुबॉम्ब पडल्यावर सरकारी पत्रकातल्या सूचना इमानाने पाळत, हळूहळू मरत जाणाऱ्या एका भाबड्या म्हाताऱ्या जोडप्याची ती गोष्ट. तिच्यावरचा चित्रपट १९८६ मध्ये मुराकामी आणि कोट्स यांनीच केला. हा चित्रकार मृत्यूपासून कधी नजर चुकवत नव्हता. बर्फ वितळतो, आईबाप जातात, फुलं, जनावरं जातात, यात उदास होण्यासारखं काही नाही, असं आहे तसं आहे, अशी त्यांची धारणा होती. आमच्या घरातल्या उर्दूत यासाठी एक छोटा शब्द आहे, फानी. जे संपणारच आहे ते. तो शब्द दुःखाने उच्चारायचा नसतो, नुसता ध्यानात ठेवायचा असतो.

मृत्यू त्या चमूच्या वाट्यालाही आला. डायॅन जॅक्सन १९९२ च्या शेवटच्या दिवशी कर्करोगाने गेल्या. जॉन कोट्स सप्टेंबर २०१२ मध्ये गेले. त्याच वर्षी, २४ डिसेंबरला, ‘द स्नोमॅन अँड द स्नोडॉग’ हा पुढचा भाग चॅनल फोरवर आला आणि तो कोट्स यांना अर्पण केला होता. तोही हाताने काढलेला. त्यात एका मुलाचा म्हातारा कुत्रा मरतो, मुलगा बर्फाच्या माणसासोबत बर्फाचा कुत्रा करतो. शेवटी माणूस वितळतो, पण कुत्रा खराखुरा जिवंत होऊन मुलाजवळ राहतो. चित्रपट देखणा आहे, मुलांना आवडलाही. पण ३० वर्षांत जगाचं धैर्य थोडं कमी झालं की काय, अशी शंका मला येते. पहिल्याने मुलाच्या हाती फक्त मफलर दिला होता. दुसऱ्याने गेलेल्याच्या जागी दुसरा आणून दिला. लहानपणी आपणही किती जणांची अशीच समजूत काढतो. आजोबा गावाला गेलेत, येतील.

ब्रिग्ज यांनी आपल्या आईवडिलांवर १९९८ मध्ये ‘एथेल अँड अर्नेस्ट’ हे चित्रमय पुस्तक केलं. दोघांची पहिली भेट, संसार, युद्धातले दिवस आणि शेवटी दोघांचं जाणं. २०१६ मध्ये त्यावर चित्रपट झाला. दिग्दर्शक रॉजर मेनवुड हे तरुणपणी ‘स्नोमॅन’च्या चित्रकारांच्या चमूत होते. म्हणजे ज्या दुःखातून तो बर्फाचा माणूस उभा राहिला होता, त्या दुःखाची उघड गोष्ट सांगायला त्याच चमूतला एकजण ३४ वर्षांनी आला. ऑगस्ट २०२२ मध्ये ब्रिग्ज गेले. ८८ वर्षांचे होते.

मुलांना मृत्यूबद्दल सांगावं की नाही, सांगावं तर केव्हा, असा प्रश्न आईबाप आणि शिक्षक नेहमी विचारतात. ‘स्नोमॅन’चा इतिहास मला असं सांगतो की मुलं ते ऐकू शकतात. दोन अटी मात्र आहेत. आधी त्यांना मनसोक्त आनंद द्यायला हवा, एक पूर्ण रात्र, उडण्यासकट. आणि नंतर खोटं बोलायचं नाही. त्या चित्रपटाने दोन्ही पाळल्या. ज्या मुलांनी १९८२ मध्ये तो बघितला, ती आता पन्नाशीच्या आसपास आहेत. त्यांच्यापैकी अनेकांनी आपल्या मुलांना शेजारी बसवून तो पुन्हा पाहिला असेल. शेवटी मूल विचारतं, तो गेला का? आणि पहिल्या खेपेला ज्यांचे डोळे भरले होते ते आईबाप आता मुलाला जवळ घेतात आणि म्हणतात, हो, गेला.